भिंतीआडची सारजा

काल तुमची तेरवी झाली. पंगती उठल्या, भांडी घासून झाली, आणि तिवस्याहून आलेली माझी भावजय जवळ येऊन बसली. पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "सुटली बाई तू." तिचं काही चुकलं नाही. सगळ्यांनाच तसं वाटतं आणि मलाही वाटायला हवं होतं. पण आज सकाळी घागर घेऊन घरात शिरताना मी दाराशी थबकले. पदर पुढं ओढला, मान खाली घातली, आणि तुम्ही ओसरीवर कोणत्या बाजूला तोंड करून बसला आहात याचा कानोसा घेतला. मग आठवलं, ओसरी रिकामी आहे. घागर खाली ठेवली तरी मान वर करायचा धीर होईना.

भीती तुमच्याबरोबर जाईल असं वाटलं होतं. ती इथंच राहिली. आता तिला कुठं ठेवू ते कळत नाही.

लोक विचारतात, वेड लागलेल्या माणसाबरोबर कसे दिवस काढलेस. तुम्हाला वेड लागलं नव्हतं हे त्यांना कसं सांगू? कापसाचा भाव तुम्हाला कळत होता, कोणता बैल कोणत्या खुरानं लंगडतो ते कळत होतं, पेरणीचा हिशेब चुकत नव्हता. सगळं जग तुमच्या डोळ्यांना आधीसारखंच दिसत होतं. त्या जगातून एक मी तेवढी निघून गेले होते.

तेव्हा साऱ्या वऱ्हाडालाच कापसाचं वेड लागलं होतं. दूर कुठल्या मुलखात लढाई पेटली म्हणे, तिथला कापूस विलायतेला पोचेना, आणि आपल्या काळ्या रानातल्या बोंडांना कधी नव्हे तो भाव आला. राजापेठेच्या बाजूनं गाड्यांची रांग लागली की दिवसभर चाकांचा आवाज थांबायचा नाही. अमरावतीहून कापूस भरायचा आणि अकोल्याला पोचवायचा, एवढंच तुमच्या डोक्यात. तुमच्या मागं नेहमी रहीमभाईंची गाडी असायची. त्यांचा पिढीजात धंदा पिंजाऱ्याचा, पण त्या वर्षी त्यांनीही पिंजण खुंटीला टांगून बैल घेतले होते. काटेपूर्णा नदीच्या उतारावर तुमच्या गाडीचं चाक निसटलं, गठ्ठे कलले, तुम्ही त्यांच्याबरोबर खाली आलात आणि डोकं दगडावर आपटलं. रहीमभाईंनी तुम्हाला आधी अकोल्याच्या हकिमाकडं नेलं, मग स्वतःच्या गाडीत कापूस पसरून त्यावर निजवून घरी आणलं.

"भाभी, घाबरू नोका," गाडीतून उतरायच्या आधीच ते ओरडले. "श्वास हाये. जिता हाये."

तेवढंच मला पुरे होतं. त्या दिवशी कोणी विचारलं असतं, काय काय गेलं तर चालेल, तर मी जीव सोडून सगळं देऊन टाकलं असतं.

हळूहळू तुम्ही बोलू लागलात. श्रीपतभावजींना, तुमच्या धाकट्या भावाला, तुम्ही पहिल्याच हाकेला ओळखलंत. रहीमभाईंना बैलांची खबर विचारलीत. मी कण्यांची वाटी घेऊन जवळ आले, मांडीवर तुमचं डोकं घेतलं, तर तुम्ही माझ्या तोंडाकडं खूप वेळ पाहत राहिलात आणि म्हणालात,

"सारजा कुठी हाये?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तुमच्या तोंडून माझं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आजवर नुसतं 'अवं', नाही तर 'ऐकून राहिली का'. आणि ऐकायला मिळालं तेही असं, मलाच माझा पत्ता विचारताना.

"मीच त हाये," मी म्हटलं.

"तू नाही. सारजा. माही बायको."

मला वाटलं, ताप आहे, उतरेल. ताप उतरला. जखम भरली. तुम्ही काठी टेकत गोठ्यापर्यंत जाऊ लागलात. पण मी समोर आले की पाय आखडून घ्यायचात, परकी बाई जवळून जाते तेव्हा भला माणूस घेतो तसे. मी रडले, भांडले. हातावरचा भाजल्याचा डाग दाखवला. "पाहा, पहिल्या दिवाळीले तुमच्यासमोर भाजलं होतं. तुमीच खोबऱ्याचं तेल लावलं होतं." तुम्ही माझं मनगट उजेडात धरून नीट पाहिलंत. कपाळावरचं गोंदण पाहिलंत.

"तिचंबी असंच हाये," तुम्ही म्हणालात. "नाक-डोये सगयं बराबर. पन तू थे नाही, बाई."

रागानं म्हणाला असता तर मी सोसलं असतं. तुम्ही समजूत घातल्यासारखं म्हणालात.

मग भाकरीचं निघालं. भाकरीचा घास घेतलात आणि थांबलात. "भाकर तिच्याच हातची हाये," तुम्ही म्हणालात आणि माझ्याकडं पाहिलंत. ती नजर मी कधी विसरणार नाही. "म्हंजे थे इथंच हाये. कुठी कोंडली तिले?"

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. कुऱ्हाड आणि विळे मी कडब्यात लपवले. तुमच्या हातात काय आहे हे पाहिल्याशिवाय तुमच्याकडं पाठ करायची नाही असं स्वतःला बजावलं. तुम्ही कधी हात उगारला नाहीत, हे आज इथं सांगून ठेवते. पण तुम्ही मला शोधत होतात, आणि शोधणाऱ्या माणसाची मला फार भीती वाटू लागली. एकदा भर दुपारी तुम्ही धान्याच्या पेवाचं झाकण काढून आत वाकून हाका मारत होतात, "सारजा, अवं सारजा." मी मागंच उभी होते. ओ द्यायला तोंड उघडेना. ओ दिली तर तुम्ही वळाल, मला पाहाल, आणि तुमच्या चेहऱ्यावर आलेली आशा परत विझेल, त्याचीच भीती.

गावात कुजबुज सुरू झाली. पाणवठ्यावर बायका माझ्या पावलांकडं पाहायच्या, उलटी तर नाहीत ना म्हणून. हसू नका. मीही पाहायची. घागर भरताना पाण्यात तोंड दिसलं की मी ते निरखून पाहायची. सगळं जागच्या जागी होतं, तरी मनात येई, या माणसानं इतकी वर्षं मला पाहिलं, तो म्हणतो ही ती नाही. माझ्यातलंच काही खरोखर गेलं असलं तर?

श्रीपतभावजी एके दिवशी माझी नजर चुकवत म्हणाले, "वयनी, तुमी थोडे दिवस तिवस्याले जा. दादाचं डोकं ठिकान्यावर आलं का मी घ्याले येतो."

त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण मी गेले असते तर तुम्ही म्हणाला असता, बरं झालं, ही गेली, आता खरी येईल. आणि खरी कुठून येणार होती?

"मी कुठी जात नाही भावजी," मी म्हटलं. "मी गेलो त सारजा कायमची हरवली."

मग ते घडलं. मी चुलीपाशी होते, तुम्ही ओसरीवर. मधे कुडाची भिंत. तांबड्या बैलानं सकाळपासून चाऱ्याला तोंड लावलं नव्हतं. मी हातातलं काम न सोडता सवयीनं ओरडले, "अवं, तांबड्यानं काही खाल्लं का?"

"नाही ना वं," तुम्ही तितक्याच सवयीनं म्हणालात. आणि मग तुमचा आवाज फुटला. "सारजा? कवा आली तू?"

तुमची काठी पडल्याचा आवाज आला. तुम्ही धडपडत दारात आलात. मी पिठाच्या हातांनी उभी होते. तुम्ही मला पाहिलंत, मग माझ्या मागं पाहिलंत, उतरंडीच्या आड पाहिलंत. "आत्ता इथं व्हती," तुम्ही मला म्हणालात. "तिचा आवाज आयकला मी. कुठी गेली?"

त्या दिवसापासून मला कळत गेलं. कानानं तुम्हाला मी होते, डोळ्यांनी नव्हते. रहीमभाईंनी अकोल्याला गेल्यावर हकिमाला विचारलं. हकिमानं पापण्या उलटून पाहिल्या होत्या, दिवा फिरवून पाहिला होता. डोळ्यांत दोष नाही, एवढंच तो सांगू शकला. पण मी तुमच्याबरोबर राहत होते आणि मला जे वाटतं ते असं: माणूस बायकोचं तोंड पाहतो तेव्हा नुसतं नाक-कपाळ पाहत नाही. पाहिल्याबरोबर आत काही तरी हलतं, घरी आल्यासारखं. त्याला ते कळतही नाही, इतकं ते रोजचं असतं. तुमच्या डोळ्यांपासून त्या जागेपर्यंतची वाट त्या दगडावर मोडली. कानाकडून जाणारी शाबूत राहिली. मला पाहून आत काहीच हलेना, तेव्हा तुमच्या डोक्यानं आपल्यापुरता उलगडा करून घेतला, की म्हणजे ही ती नव्हे. तुम्ही खोटं बोलत नव्हतात. तुमच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

पण हे सगळं नीट उमगायच्या आत तुम्ही पंचांकडं गेलात. धुतलेलं धोतर नेसून, पागोटं हातात घेऊन, मारुतीच्या पारावर चारचौघांत शांतपणे म्हणालात, "माही बायको हरवली. हे बाई माह्या घरात रायते. वाईट नाही हे, लय काम करते. पन माही नाही. मंग मी काहून ठेवू?"

पंच एकमेकांकडं पाहू लागले. नवराच म्हणतो ही माझी नाही, तर मी कोणाची? माहेरचे किती दिवस पोसतील, आणि माझी शपथ कोण ऐकणार? मी श्रीपतभावजींच्या मागं उभी होते. पुरुषांच्या बैठकीत मी कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं. "मले देवळाच्या मांगून बोलू द्या," मी तिथं बसलेल्या म्हाताऱ्या पाटलांना म्हटलं. "याईले दिसनार नाही अशी."

पाटलांनी मान हलवली. मी देवळाला वळसा घालून भिंतीमागं गेले. काय बोलावं ते सुचेना. मग तोंडात जे रोज असतं तेच आलं. "अवं, उन्हात उघड्या डोक्यानं काहून बसले? जखम आत्ताच त भरली हाये. पागोटं बांधा आधी."

आणि मग तुमचं रडू ऐकू आलं. साऱ्या गावासमोर तुम्ही लहान पोरासारखे रडत होतात. "सारजा, कुठी व्हती वं तू इतले दिवस? मी पेवातबी पाहिलं."

"इथंच हाये मी," मी म्हटलं. "घरीच हाये."

मी भिंतीआडून पुढं आले. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत आणि माझ्या खांद्यावरून मागं पाहिलंत, ती येते आहे का म्हणून. पाटलांनी डोळे पुसले. "घरी न्या याले," ते म्हणाले. "बाई त्याचीच हाये. याच्यापुढं कोनी काही बोलाचं नाही."

माझं घर राहिलं. पण त्यानंतर त्या घरात आम्ही दोघी राहू लागलो.

तुम्ही स्वतःशीच ठरवून टाकलंत की सारजावर कसलं तरी व्रत आहे, म्हणून ती पुरुषासमोर येत नाही, चुलीकडच्या अंगाला राहते. तुमच्या मनाला काहीतरी कारण लागत होतं आणि ते तुम्ही शोधलंत. संध्याकाळी कुडाला पाठ लावून तुम्ही ओसरीवर बसायचात, मी आतून बोलायची. ऊन-पाणी, बैल, कापूस. तुम्ही माझ्यापाशी माझी गाऱ्हाणी सांगायचात. "थे बाई बरी हाये, पन भाजीत मीठ लय टाकते. भाकर तू करत जा." मला हसू यायचं, तोंडात पदर कोंबायची. आणि हसता हसता कान तुमच्या पावलांकडं असायचे. तुम्ही उठलात, दाराशी आलात, आत डोकावलात, तर? रोज तो धाक. रोज मी जागा बदलायची, आवाज कुठून येतो ते कळू नये म्हणून. थकून जायची हो मी. एखादे दिवशी वाटायचं, येऊ द्या त्यांना आत, काय व्हायचं ते होऊ दे.

पण त्या दुसऱ्या बाईचे माझ्यावर उपकार आहेत, तेही आज कबूल करते. तिच्याशी तुम्ही जे बोललात ते माझ्याशी कधी बोलला नसता. कोणता नवरा बोलतो?

एकदा मी चरखीवर सरकी काढत बसले होते. तुम्ही खांबाला टेकून माझे हात पाहत होतात. मी सहज विचारलं, "कशी हाये हो सारजा?"

तुम्ही चरखीखाली पडलेली एक सरकी उचललीत. मग म्हणालात, "तिचं मन मोठं हाये. तोंड लय कडू हाये, पन मन मोठं." आणि मग तुम्ही आपल्या मुलीचं काढलंत.

आपलं ते भांडण जुनं. पोर नुकती धरून धरून चालायला लागली होती. आजार झाला आणि गेली. तिला पुरून आलात, आणि घरातलं सुतक फिटायच्या आत तुम्ही गाडी जुंपून अकोल्याच्या वाटेला लागलात. मी ते कधी पोटात घातलं नाही. जेव्हा जेव्हा भांडण झालं तेव्हा तेव्हा ऐकवलं, "तुमाले लेकरापेक्षा कापूस मोठा." तुम्ही कधीच उत्तर दिलं नाहीत, उठून गोठ्यात जायचात. मी समजायची, उत्तर नाहीच.

त्या परक्या बाईला तुम्ही म्हणालात, "पोरगी गेली न् थे घरात रडेच ना. माह्यासमोर त नाहीच. पापनीबी हलवे ना. मले वाटलं मी घरात हाये म्हनून थे रडत नाही. निघून गेलो त रडीन, मोकयी होईन. म्हनून गाडी जुपली. वावराच्या बांधापाशी आलो त थे तुरीत एकटी बसून रडून राहिली व्हती. गाडी थांबवली मी."

"मंग उतरले काहून नाही?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"उतरलो असतो त मीच रडलो असतो. मंग तिले मलेबी संभायावं लागलं असतं. तिच्यावर का कमी व्हतं?"

चरखी थांबली होती. मी विचारलं, "तिले सांगतलं का हे?"

"तिले काय सांगाचं?" तुम्ही म्हणालात. "तिले मालूम असन."

मला ठाऊक नव्हतं. ऐका, आता ऐकू येत असेल तर ऐका: मला ठाऊक नव्हतं. तुरीच्या ओळींत बसून मी गाडीची चाकं थांबलेली ऐकली होती आणि वाटलं होतं, कोणी वाटसरू असेल. ते तुम्ही होतात. एवढं मला त्याच वर्षी कळलं असतं तर किती भांडणं वाचली असती.

हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. पण कोणी सांगायचं? समोरच्या बाईनं सांगितलं तर तिचा काय संबंध. कुडाआडच्या सारजानं सांगितलं तर तुम्ही विचारणार, तुला कोणी सांगितलं, आणि जे बोलून तुम्ही हलके झालात त्याचीच तुम्हाला लाज वाटणार. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत राहिले. त्या भीतीनं माझी जीभ धरली.

मग चैत्रात ताप आला. तो उतरेना. अंग भट्टीसारखं, डोळे उघडेनात. श्रीपतभावजी अकोल्याहून हकिमाची पुडी आणायला गेले. मी तुमच्या कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवत होते, ती घडी खाली सरकून डोळ्यांवर आली, आणि माझ्या लक्षात आलं की आज मधे कूड नको. मी तुमचा हात हातात घेतला. "अवं," म्हटलं.

"सारजा," तुम्ही म्हणालात. "जवय हायेस आज."

"जवयच हाये."

तुम्ही माझी बोटं चाचपलीत. किती दिवसांनी. फडकं सुकत चाललं होतं, आणि ते उचलून भिजवायचा धीर मला होईना. उचललं तर तुम्ही पाहाल. पण आता नाही तर कधीच नाही, हेही दिसत होतं. मी जीभ ओली केली. "त्या दिवशी बांधावर," मी म्हटलं, "तुमी गाडी थांबवली व्हती, मले..."

तुमचा दुसरा हात वर आला आणि तुम्ही फडकं बाजूला केलंत.

उन्हाची तिरीप तुमच्या तोंडावर होती. तुम्ही डोळे बारीक करून माझ्याकडं पाहिलंत. तुम्ही माझ्या हातातून आपला हात हळूच काढून घेतलात, कोणाला वाईट वाटू नये असा.

"तू व्हय का," तुम्ही म्हणालात. मग, बाजारात भेटलेल्या ओळखीच्या बाईची चौकशी करावी तसं विचारलंत, "इतले दिवस माही सेवा करून राहिली तू. तुले तुह्या घरी कोनी नाही का?"

"हाये ना," मी म्हटलं. "मालक हाये."

"मंग त्याले कोन पायते?"

"मीच पायतो."

तुम्ही डोळे मिटलेत. चेहरा शांत झाला होता.

"नशीबवान हाये थो," तुम्ही म्हणालात, आणि पाणी मागितलंत. मी तुमची मान हातावर घेतली आणि पाणी पाजलं.